तेलकटाला सोडा, पांढऱ्या डागाला आंबट: घरातल्या साहित्याने स्वयंपाकघर स्वच्छ ठेवताना

ओट्यावर खायचा सोडा पसरायचा, वरून व्हिनेगर ओतायचं आणि फसफसून आलेल्या फेसाकडे बघत थांबायचं. घरगुती साफसफाईतली ही सगळ्यात जास्त पसरलेली चूक आहे. सोडा अल्कधर्मी, व्हिनेगर आम्लधर्मी. दोघं एकत्र आले की एकमेकांचा जोर मारतात, वायू उडून जातो आणि मागे थोडा क्षार विरघळलेलं पाणी उरतं. ओशटपणा जिथल्या तिथे. दोन्ही वस्तू फार कामाच्या आहेत, पण त्यांची कामं वेगळी आहेत आणि वेळही वेगळी.

म्हणून हात लावण्याआधी डाग कशाचा आहे ते ओळखावं. बोट फिरवलं की चिकटतं, मेणचट लागतं, ते तेल. त्याला सोडा, रिठा, साबण आणि गरम पाणी. खरखरीत, पांढरं, नखाने खरवडलं तर भुकटी निघते, ते पाण्यातले क्षार. त्याला लिंबू, व्हिनेगर, चिंच. आणि वाळून बसलेलं खरकटं, दूध, पीठ, भात, याला मुख्यतः पाणी आणि वेळ लागतो. बहुतेक घरांत वेळच दिला जात नाही. लावलं की लगेच घासायला सुरुवात होते, मनगट दुखतं आणि डाग राहतो. दहा मिनिटं थांबलं तर निम्मं घासणं वाचतं.

घरात काय ठेवावं

कोणत्याही किराणा दुकानात हे सगळं मिळतं: खायचा सोडा, धुण्याचा सोडा, साधं पांढरं व्हिनेगर, सायट्रिक ॲसिडचे खडे (लिंबूसत्त्व म्हणून मागा), रिठे, चिंच किंवा आमसुलं, जाडं मीठ. खायचा सोडा सौम्य आहे, हाताने वापरता येतो. धुण्याचा सोडा त्याच्यापेक्षा बराच तिखट असतो, तेल झपाट्याने सोडवतो, पण कातडीही सोलवटतो. तो हातमोजे घालूनच वापरावा आणि दोन्ही सोड्यांचे डबे वेगळ्या फळीवर, मोठ्या अक्षरात नाव लिहून ठेवावेत. दिसायला दोन्ही सारखेच पांढरे. ढोकळ्यात चुकीचा पडला तर ते थट्टेवारी नेण्यासारखं नाही.

खाली 'चमचा' म्हणजे चहाचा आणि 'मोठा चमचा' म्हणजे त्याच्या तिप्पट.

रिठ्याचं पाणी: १०० ग्रॅम रिठे फोडून बिया काढाव्यात, सालं १ लिटर पाण्यात रात्रभर भिजवावीत, सकाळी मंद आचेवर १५-२० मिनिटं उकळावीत, गार झाल्यावर हाताने कुस्करून गाळावं. पातेलं मोठं घ्यावं, कारण उकळी आली की फेस चटकन वर येतो आणि शेगडीभर होतो. हे पाणी बाहेर दोन-तीन दिवसांत आंबतं. फ्रीजमध्ये आठवडाभर राहतं, चमचाभर लिंबूसत्त्व घातलं तर थोडं जास्त. डोळ्यात गेलं तर फार झोंबतं, म्हणून स्प्रेच्या बाटलीत भरू नये. फेस बाजारच्या साबणाइतका येत नाही. तरीही साधं तेल निघतं. तुपाने थबथबलेल्या भांड्याला मात्र आधी गरम पाणी लागतं.

आधी पाणी ओळखा

पाण्यात क्षार किती, हा प्रश्न पुण्यात वस्तीनुसार बदलतो. खडकवासल्याचं महापालिकेचं पाणी तुलनेने सौम्य आहे. वाघोली, उंड्री, बाणेर-बालेवाडीकडच्या ज्या सोसायट्या बोअर आणि टँकरवर चालतात, तिथे क्षार जास्त असतात. नळाच्या तोंडाशी पांढरी कड, सिंकमध्ये ठिपके, धुतलेल्या स्टीलवर पुसट नकाशे ही त्याची खूण. एक स्टीलची ताटली घ्यावी, त्यात चमचाभर नळाचं पाणी घालून उन्हात आटवावं. जाड पांढरी कड उरली तर पाणी जड आहे. जड पाण्यात साबण नीट फेसाळत नाही, उलट क्षारांशी मिळून करडा साका होतो आणि तोच भांड्यांवर बसतो. अशा घरांत साबण वाढवत गेल्याने भांडी आणखीच मंद दिसतात. धुण्याच्या टबात चिमूटभर धुण्याचा सोडा आधी विरघळवला तर पाणी मऊ होतं. ॲल्युमिनियमची भांडी मात्र त्यात घालू नयेत.

नळाच्या तोंडाला बसलेला थर काढायला व्हिनेगरमध्ये भिजवलेली चिंधी त्याभोवती गुंडाळावी, वरून प्लॅस्टिकची पिशवी रबराने बांधावी आणि २०-३० मिनिटांनी काढून जुन्या टूथब्रशने घासावं. रात्रभर ठेवू नये, नळाचा चकाकता मुलामा मंद होतो. नळाच्या तोंडाची जाळी फिरवून निघते. ती १ कप कोमट पाण्यात २ चमचे लिंबूसत्त्व घालून त्यात बुडवली की बारीक धार पुन्हा सरळ पडते.

ओटा: ग्रॅनाइट की कडप्पा?

इथे सगळ्यात जास्त नुकसान होतं, तेही चांगल्या हेतूने. जुन्या वाड्यांत आणि जुन्या फ्लॅटमध्ये ओटा कडप्प्याचा असतो आणि खाली शहाबादी फरशी. दोन्ही चुनखडीचे दगड. लिंबू, व्हिनेगर, चिंचेचं पाणी, ताक, काहीही आंबट पडलं की ते दगडाचा वरचा थर खातं आणि पांढुरका, खडबडीत डाग राहतो. तो घाणीचा डाग नसतो, दगडच झिजलेला असतो. त्यामुळे घासून तो जात नाही, पॉलिशच करावं लागतं. संगमरवराचंही तेच.

खात्री नसेल तर शेगडीच्या मागे, दिसणार नाही अशा कोपऱ्यात लिंबाचा एक थेंब टाका आणि दोन मिनिटं जवळून बघा. कडेने बारीक बुडबुडे आले, किंवा पुसल्यावर तिथली चमक गेली, तर दगड चुन्याचा. त्या ओट्यावर आयुष्यभर आंबट लावायचं नाही. काहीच झालं नाही तर बहुधा ग्रॅनाइट, पण त्यावरही आंबट साचू देऊ नये.

दोन्ही दगडांना रोजचं पुसणं एकच: अर्धा लिटर कोमट पाण्यात २ मोठे चमचे रिठ्याचं पाणी किंवा साबणाचे चार थेंब, ओलं फडकं, मग साध्या पाण्याचं फडकं, मग कोरडं. तिसरं फडकं वगळलं की जड पाण्याचे ठिपके राहतात आणि लोक साबणाला दोष देतात.

तेल मुरलं असेल तर खायचा सोडा दोन भाग, पाणी एक भाग असा लेप करावा, डागावर अर्धा सेंटिमीटर जाड थापावा, वर प्लॅस्टिकचा तुकडा झाकावा आणि रात्रभर ठेवावा. सकाळी लेप पिवळसर झालेला दिसला की तेल वर ओढलं गेलं. जुन्या डागाला दोन-तीनदा करावं लागतं. कडप्प्यावर खोबरेलाचा हात फिरवला की तो काळाभोर दिसतो, हे खरं. मात्र पाच मिनिटांनी कोरड्या फडक्याने तो पूर्ण पुसून घ्यावा, नाहीतर त्यावर पीठ आणि धूळ बसून किटण चढतं.

हळदीच्या ओल्या डागाला सोडा किंवा साबण लावला की तो एकदम लाल होतो. घाबरू नये. हळदीचं कुंकू होतं ते याच गुणाने, अल्क लागलं की हळद लाल. पाण्याने पुसला की डाग परत पिवळा पडतो. उरलेला पिवळेपणा काढायला उन्हासारखं दुसरं काही नाही. हळदीने पिवळे झालेले प्लॅस्टिकचे डबे घासत बसण्यापेक्षा ओले करून गॅलरीत दोन दिवस कडक उन्हात उपडे-उताणे ठेवावेत, रंग उडतो.

फोडणीमागची भिंत आणि शेगडी

शेगडीमागच्या टाइल्सवर तेलाची वाफ बसते. ताजी असताना ती साधी पुसली जाते. महिना-दोन महिने राहिली की हवेने आणि उष्णतेने तेल घट्ट होऊन राळेसारखं होतं, त्याला राप म्हणतात, आणि मग साधा सोडाही तिथे अडतो.

ताज्या तेलाला: १ लिटर गरम पाण्यात १ मोठा चमचा धुण्याचा सोडा. हातमोजे घालून फडक्याने टाइल्स खालून वर ओल्या कराव्यात. वरून सुरुवात केली तर ओघळ खालच्या कोरड्या टाइलवर उतरतात आणि त्यांच्या रेघा राहतात. दहा मिनिटांनी साध्या पाण्याने वरून खाली पुसावं. तळणाच्या तेलातली सुटी झालेली आम्लं सोड्याशी मिळून तिथल्या तिथे थोडा साबण तयार होतो, म्हणून हे पाणी बोटांना बुळबुळीत लागतं. बुळबुळ गेली म्हणजे सोडा निघाला असं समजावं. भिंतीला ऑइलपेंट असेल तर धुण्याचा सोडा नको, तो रंग उचलतो.

जुन्या रापाला आधी तेलच लावावं. कापसाच्या बोळ्याने गोडेतेल पातळ पसरायचं आणि अर्धा तास सोडायचं. जुनं तेल नव्या तेलात मऊ होतं. मग जुन्या प्लॅस्टिक कार्डाने किंवा लाकडी उलथन्याने खरवडून कागदावर घ्यायचं आणि शेवटी वरचं सोड्याचं पाणी. दिवाळीच्या फराळाआधी हे एकदा केलं की चकल्या-करंज्या तळून झाल्यावरची सफाई निम्म्यावर येते.

चिमणीची जाळी स्टीलच्या पट्ट्यांची असेल तर ४ लिटर गरम पाण्यात ४ मोठे चमचे धुण्याचा सोडा घालून तासभर बुडवावी. ॲल्युमिनियमची बारीक विणीची जाळी (हातात फारच हलकी लागते) सोड्यात कधीही टाकू नये, काळी पडते आणि कुजते. तिला गरम पाणी आणि साबणच.

शेगडीचा रेग्युलेटर बंद करून, ती पूर्ण गार झाल्यावर बर्नर उचलावेत. पितळी बर्नरला १ लिटर गरम पाण्यात २ मोठे चमचे लिंबूसत्त्व, जास्तीत जास्त अर्धा तास. त्यापुढे पितळ गुलाबी दिसायला लागतं, म्हणजे त्यातलं जस्त सुटतंय. भोकं बारीक सुईने मोकळी करावीत. टूथपिक आत मोडते आणि भोक कायमचं बंद होतं. धुतल्यावर बर्नर उपडा करून झटकावा आणि उन्हात किंवा पंख्याखाली दोन तास पूर्ण वाळवावा. आत पाणी राहिलं तर ज्योत फडफडते आणि पिवळी होते. धुऊन-वाळवूनही ज्योत पिवळीच राहिली, भांड्यांना काजळी धरली, तर बिघाड बहुधा आतल्या जेटमध्ये, म्हणजे गॅस सोडणाऱ्या बारीक तोंडात असतो. त्यात स्वतः सुई घालू नये, मेकॅनिकला बोलवावं.

काचेच्या शेगडीवर दूध उतू गेलं तर तापलेल्या काचेवर गार पाण्याचं फडकं टाकू नका, काच तडकते.

भांडी

दुधाचं, पिठल्याचं, डोशाच्या पिठाचं भांडं आधी गार पाण्यात. गरम पाणी घातलं की त्यातली प्रथिनं आणि पीठ शिजून आणखी घट्ट बसतात. हे एवढं पाळलं तरी रोजचं घासणं हलकं होतं.

करपलेलं स्टीलचं पातेलं: अर्धा लिटर पाणी, २ मोठे चमचे खायचा सोडा, मंद आचेवर १० मिनिटं उकळी. सोड्याचं पाणी उसळतं, म्हणून पातेलं अर्ध्यापेक्षा जास्त भरू नये. गॅस बंद करून पूर्ण गार होऊ द्यावं, मग लाकडी उलथन्याने खालचा थर सालीसारखा सुटतो. तारेच्या घासणीने घासलं तर ओरखडे पडतात आणि पुढच्या वेळी तिथेच लागतं.

कुकर किंवा ॲल्युमिनियमचं पातेलं आतून काळं पडलं तर उलट: त्याला आंबट. पाणी भरून तीन-चार आमसुलं किंवा पिळलेल्या लिंबाच्या साली घालून १५ मिनिटं उकळावं. रोज कुकरमध्ये भांड्याखालच्या पाण्यात एक साल टाकून ठेवली तर काळं पडतच नाही.

तांब्या-पितळेला चिंच. लिंबाएवढा गोळा अर्धा कप गरम पाण्यात १५ मिनिटं भिजवावा, गर काढून टाकू नये, रेषांसकट हातात घ्यावा, त्यात १ चमचा मीठ. तांब्याच्या कळशीवर हा गोळा फिरवला की बोटांखाली रंग बदलताना दिसतो: तपकिरी सरकत जातो आणि मागून गुलाबी तांबं उघडं पडतं. एका मिनिटात काम होतं, जोर लागत नाही. चूक होते ती पुढे. भांडं साध्या पाण्याखाली धरून तसंच पालथं घातलं की सकाळी हिरवे-काळे डाग. आंबट पूर्ण निघायला रिठ्याच्या किंवा साबणाच्या पाण्याचा एक हात फिरवावा आणि लगेच कोरडं पुसावं. आत कल्हई असेल तर आतून चिंच-मीठ आणि राख दोन्ही नकोत, मऊ फडकंच. कल्हई उडालेल्या भांड्यात ताक किंवा आमटी ठेवली की कळकते आणि ती खाण्यालायक राहत नाही. अशी भांडी कल्हई होईपर्यंत बाजूला ठेवावीत. कसबा पेठेतल्या तांबट आळीत तांब्याचं काम जाणणारी माणसं अजून आहेत, तिथे चौकशी करावी.

लोखंडी तवा आणि कढई यांना आंबट नको, भिजवणंही नको. जाड मीठ आणि कोरडं फडकं घेऊन घासावं, गरम पाण्याने विसळावं, गॅसवर अर्धं मिनिट तापवून पाणी उडवावं आणि तेलाचा पातळ हात द्यावा.

पोळपाट-लाटणं पाण्यात बुडवून ठेवू नये, पोळपाटाला चीर जाते आणि चिरेत कणीक आंबते. सुकलेली कणीक उलथन्याच्या कडेने खरवडावी, ओल्या फडक्याने पुसावं, भिंतीला टेकवून उभं वाळवावं. मिक्सरच्या भांड्याला वास येत असेल तर तो बहुतेक वेळा झाकणाच्या रबराखाली असतो. रबर काढून पाहा. काळी बुरशी दिसली तर खायच्या सोड्याचा लेप लावून टूथब्रशने घासा आणि रबर पूर्ण वाळल्यावरच परत बसवा.

सिंक तुंबू नये म्हणून

सिंकखालच्या वाकड्या नळीत नेहमी थोडं पाणी उभं असतं, त्यामुळे गटाराचा वास वर येत नाही. तिथेच तूप-तेल गार होऊन थिजतं आणि भाताची शितं, चहाची भुकटी त्यात रुतून बसते. म्हणून तळलेलं तेल सिंकमध्ये ओतायचं नाही, आणि तेलकट कढई आधी जुन्या कागदाने पुसायची. आठवड्यातून एकदा, रात्री काम आटोपल्यावर, २ मोठे चमचे धुण्याचा सोडा जाळीवर टाकून एक लिटर गरम पाणी हळूहळू ओतावं. पाणी हाताला चटका देईल इतकंच गरम हवं. खळखळ उकळलेलं पाणी पीव्हीसीच्या नळीला मऊ करतं आणि सांधे गळायला लागतात.

तुंबलंच असेल तर सोडा-व्हिनेगरचा फेस काही करत नाही. खाली बादली ठेवून वाकड्या नळीचा खालचा कप हाताने फिरवून काढावा, आतला गाळ काढून ब्रशने धुवावा, रबरी वॉशर जागेवर आहे ना ते बघून परत बसवावा. दहा मिनिटांचं काम आहे.

फडकं, घासणी आणि पावसाळा

स्वयंपाकघरातली सगळ्यात घाण वस्तू म्हणजे ओट्याचं फडकं. चकचकीत ओट्यावर कुबट फडकं फिरवलं तर आपण घाणच पसरवतो. सुती फडकी किमान सहा असावीत, रोज एक बदलावं. आठवड्याला सगळी मिळून २ लिटर पाण्यात १ मोठा चमचा धुण्याचा सोडा घालून १५ मिनिटं उकळावीत आणि उन्हात वाळवावीत. जून ते सप्टेंबर पुण्यात ऊन भरवशाचं नसतं. तेव्हा उकळल्यावर घट्ट पिळून, पंख्याखाली दोरीवर एकेक सुटं वाळत घालावं आणि दमट वाटलं तर इस्त्री फिरवावी. नळाच्या मानेवर गोळा करून टाकलेलं फडकं पावसाळ्यात कधीच वाळत नाही. घासणीही खरकटं झटकून, उभी ठेवून वाळवावी. वास यायला लागला की ती जाऊ द्यावी.

कच्चं चिकन किंवा मासळी जिथे कापली तिथे लिंबू-व्हिनेगरवर भरवसा ठेवू नये. वास जातो, पण जंतू जातीलच असं नाही. साबण, गरम पाणी आणि वेगळं फडकं, आणि ते फडकं त्याच दिवशी उकळायचं.

मुंग्यांची रांग दिसली तर रांग पुसण्याआधी तिचा उगम शोधावा. मग साबणाच्या पाण्याने वाट पुसली की त्यांची वासाची खूण जाते आणि त्या चुकतात. झुरळांना बोरिक पावडर आणि कणीक समभाग, थोडी साखर, पाण्यात मळून वाटाण्याएवढ्या गोळ्या कराव्यात आणि फडताळाच्या मागे ठेवाव्यात. बोरिक पावडर खनिज असली तरी विषारी आहे. लहान मूल किंवा मांजर-कुत्रं असलेल्या घरात हे करूच नये. धान्याला पोरकिडे लागू नयेत म्हणून मे महिन्यातच डाळ-तांदूळ दोन दिवस ऊन दाखवून, पूर्ण गार करून डब्यात भरावेत. गरम भरले तर डब्यात घाम धरतो आणि बुरशी येते.

सालींचं आंबवण

लिंबाच्या साली गुळाच्या पाण्यात आंबवून पुसायचं आंबट पाणी घरीच करता येतं. उन्हाळ्यात लिंबं महाग असतात तेव्हा मोसंबी-संत्र्याच्या साली वापराव्यात. प्रमाण ठरलेलं: १ भाग गूळ, ३ भाग साली, १० भाग पाणी. म्हणजे १०० ग्रॅम गूळ, ३०० ग्रॅम साली, १ लिटर पाणी. प्लॅस्टिकची बरणी घ्यावी आणि वर चौथा हिस्सा रिकामी ठेवावी. पहिला महिना रोज झाकण सैल करून वायू सोडावा. काचेची बरणी घट्ट बंद राहिली तर फुटू शकते. तीन महिन्यांनी गाळावं. वास आंबट-गोड हवा. कुजका वास किंवा काळी बुरशी आली तर ते फेकून द्यावं. गाळलेलं पाणी दहापट पाण्यात मिसळून टाइल्स आणि सिरॅमिक फरशीला चालतं. हेही आंबटच, म्हणून कडप्पा आणि शहाबादी यांना नाही. उरलेला चोथा ओल्या कचऱ्यात किंवा कुंडीच्या खतात जातो.

आणि बाजारचं ब्लीच घरात असेल तर ते व्हिनेगर, लिंबूसत्त्व किंवा या आंबवणाच्या जवळपासही नेऊ नका. दोन्ही मिसळले की क्लोरीन वायू सुटतो. चुकून झालं तर पुसत बसू नका, खिडक्या उघडा आणि बाहेर पडा.